लॅपटॉप दान केला, पण त्याच्या पंख्याचं काय?

मे महिन्यातली दुपार होती. नंदाखालला आमच्या घरामागच्या वाडीत केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. आता ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि डोळ्यांत पाणी.

"टीचर, दहा मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो. दुकानवाला बोलला मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. अब्बा बोलले, आता जमणार नाही. आणि प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय."

हा लॅपटॉप तिला दोन वर्षांपूर्वी मदत म्हणून मिळाला होता. देणाऱ्यांनी छोटासा कार्यक्रम केला, फोटो काढले. तो गरम झाला तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. आपण देतो आणि विसरतो. या लेखात मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी काही इंजिनिअर नाही. बी.एड. केलेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गोधडीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास वर्ग घेतले आणि माझं यंत्र असंच तापून बंद पडायला लागलं, तेव्हा थोडंफार शिकावं लागलं. त्या दिवशी मी मुलीचा लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. खालच्या जाळीत राखाडी कापसाचा थर बसला होता, अगदी मिक्सरच्या मागच्या भोकांत बसतो तसा.

आतली रचना समजली की अर्धी भीती जाते. प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. नळीत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि पुन्हा द्रव होऊन परत येते. त्या दुसऱ्या टोकाला कंगव्यासारख्या पातळ पट्ट्या असतात आणि पंखा त्यांच्यातून हवा बाहेर फेकतो. धूळ नेमकी पंखा आणि या पट्ट्यांच्या मधे साचते. वरून सगळं स्वच्छ दिसतं, पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, पण हवा बाहेरच पडत नाही. मग प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की बहुतेक लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होतात. म्हणजे ते आपोआप बंद पडणं बऱ्याचदा बिघाड नसून संरक्षण असतं. आपण मात्र घाबरून लगेच पुन्हा बटण दाबतो.

आपल्या भागात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. अर्नाळ्याचा किनारा जवळ, हवेत ओल आणि खार. ओल्या हवेत धूळ चिकटून बसते. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत लॅपटॉप वापरा असं सांगतात. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३५ अंश कुठले राहायला? त्यात मुलं अभ्यासाला बसतात ती पलंगावर. लॅपटॉपच्या खालच्या जाळीतून हवा आत जायची असते आणि आपण तीच गादीवर दाबून ठेवतो. वरून कौतुकाने विणलेलं कव्हर! शाळांच्या संगणक कक्षांतही पाहिलंय, यंत्र चालू आणि त्यावर भरतकाम केलेला रुमाल. लॅपटॉप पूर्ण बंद न करता बॅगेत कोंबला, तर तो बॅगेतच तापतो, तेही वेगळंच.

म्हणून दुकानात धावण्याआधी घरी क्रमाने पाहावं.

पहिलं, जागा. लॅपटॉप टेबलावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवली तरी खालून हवा खेळते. दोन दिवस असं वापरून फरक पडला, तर दुखणं तिथेच होतं.

दुसरं, काम. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या रकान्यात कोणता प्रोग्रॅम सगळ्यात जास्त खातोय ते दिसतं. कधी अपडेट चालू असतं, कधी ब्राउझरमध्ये चाळीस पानं उघडी असतात. आपण काहीच करत नसताना एखादा अनोळखी प्रोग्रॅम सतत वर दिसत असेल, तर व्हायरसची तपासणी करा.

तिसरं, आवाज. कान लावून ऐका. पंखा जोरात घोंघावतोय पण बाहेर येणारी हवा नावापुरती, तर धूळ अडकली आहे. घरघर किंवा खरखर येत असेल, तर पंख्याचं बेअरिंग झिजलं आहे आणि पंखा बदलावा लागेल. लॅपटॉप तापलाय आणि पंख्याचा आवाजच नाही, तर वापर थांबवा आणि दाखवायला न्या. पंखा बदलणं म्हणजे मदरबोर्ड बदलणं नव्हे, हे लक्षात ठेवा.

चौथं, सफाई. यंत्र पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मग मऊ ब्रशने जाळी साफ करा. दाबाची हवा मारायची तर थोडी थोडी मारा आणि पाती टूथपिकने अडवून धरा, नाहीतर पंखा नको तितका गरगरून खराब होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यातून स्थिर वीज तयार होऊ शकते. ओलं फडकं तर नकोच.

एवढं करून भागलं नाही, तर उघडून साफ करणं आणि थर्मल पेस्ट बदलणं हे कारागिराचं काम. प्रोसेसर आणि तांब्याच्या मधला हा लेप काही वर्षांत सुकतो. वॉरंटी बाकी असेल तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारा.

एक धोका मात्र वेगळा सांगते. टचपॅड वर उचलला गेला असेल, खालचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा दाबू नका, चार्ज करू नका, थेट जाणकाराकडे न्या. तिथे काटकसर नको.

बाजारात पंखेवाले स्टँड मिळतात, अनेक पालक आधी तेच आणतात. आतल्या पट्ट्या तुंबलेल्या असताना बाहेरून वारा घालून फारसं काही होत नाही. ते पैसे सफाईला द्या.

त्या मुलीचा लॅपटॉप आम्ही नालासोपाऱ्यातल्या एका कारागिराकडे नेला. त्याने आमच्यासमोर उघडला, धुळीचा अख्खा नमदा चिमट्याने बाहेर काढला, पेस्ट बदलली. साडेसहाशे रुपये झाले. मदरबोर्ड ठणठणीत होता. सोमवारी प्रोजेक्ट गेला. दुसरा दुकानदार खोटारडा होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याने उघडून पाहिलंच नसेल. पण ज्या घरात महिन्याचा हिशेब वाटाण्यासारखा मोजून होतो, तिथे "नवीन घ्या" हे दोन शब्द मुलीचं शिक्षण थांबवू शकतात. घरात भाऊ असेल तर नवीन लॅपटॉप आधी कोणाला मिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुरुस्ती हा आता ग्राहकाच्या हक्काचाही विषय झाला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्यातून पोर्टलही सुरू झालं. फ्रान्समध्ये तर जानेवारी २०२१पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा आहे, याचे गुण ग्राहकाला दाखवावे लागतात. आपण दुकानात रॅम किती, स्टोरेज किती हे विचारतो. पंखा सुटा मिळतो का, मागचं झाकण सहज उघडतं का, हेही विचारायला शिकलं पाहिजे.

आता देणाऱ्यांकडे वळते. वक्फच्या बाबतीत आपल्या फिकहमध्ये एक जुना, शहाणा नियम आहे: वक्फच्या उत्पन्नातून सगळ्यात आधी त्या वास्तूची डागडुजी करायची, देणाऱ्याने तसं लिहून ठेवलं नसलं तरी. इमारतच पडली तर सवाब कशाचा चालू राहणार? लॅपटॉप वाटणं म्हणजे वक्फ नव्हे, हे मलाही कळतं. पण त्यामागचा विचार इथे घ्यायला काय हरकत आहे? दहा लॅपटॉप देण्यापेक्षा नऊ द्या आणि दहाव्याचे पैसे तीन-चार वर्षांच्या देखभालीला ठेवा. देताना अर्धा तास त्या मुलांना जाळी कुठे, पंखा कुठे, हे दाखवा. मुलींना आधी दाखवा, कारण स्क्रू ड्रायव्हर आपण सवयीने मुलाच्याच हातात देतो.

शाळांनीही वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जूनमध्ये वर्ग भरण्याआधी, यंत्रसफाईचा दिवस ठेवावा. एक वही करावी, कोणतं यंत्र कधी साफ केलं ते लिहावं. आमच्या शाळेत मी हे सुचवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "याला खर्च कोणत्या खात्यातून?" प्रश्न रास्त आहे. नवीन यंत्रासाठी देणगी मिळते, जुन्याच्या धुळीसाठी कोणी देत नाही. ते खातं उघडायला आपणच लावलं पाहिजे.

ती मुलगी मागच्या आठवड्यात पुन्हा आली होती. या वेळी पिशवीत तिच्या मामूचा लॅपटॉप होता. "टीचर, याचीपण जाळी भरलीय, पण आवाज खरखर येतो. पंखा बदलावा लागेल ना?"

मी ऐकलं. तिचं बरोबर होतं.