पुरावा मागणारी पिढी

दहावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. ऊसतोडणी, वीटभट्टी, बांधकाम यांवर राबणारी ही माणसे एकच विचारतात, "सर, पोराला सायन्स मिळेल ना?" त्यांच्या आकांक्षेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ज्याला अन्यत्र प्रवेश मिळाला नाही त्याने कला शाखेत जाऊन इतिहास घ्यावा, ही रूढ समजूत आम्हांस मान्य नाही. ज्यांचा इतिहास शतकानुशतके इतरांनी लिहिला, त्यांच्या मुलामुलींनी अकरावी-बारावीला हा विषय जाणीवपूर्वक निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाडचे उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. पण त्यापूर्वी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रूढी अनादी असल्याचे दावेदारांना सिद्ध करता आलेले नाही.

या निर्णयाचा अर्थ आम्ही वर्गात सावकाश उलगडून सांगतो. "पूर्वापार असेच चालत आले आहे" हे विधान धर्माचे भासते. वस्तुतः ते इतिहासाचे विधान आहे, आणि म्हणूनच त्याला पुरावा मागता येतो. तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते धैर्याच्या बळावर. तो हक्क न्यायालयात टिकला तो पुराव्याच्या कसोटीवर. दहावीपर्यंत मूल घटना शिकते. ठराव, दावा, निकालपत्र ही साधने ताडून पाहण्याचे वय अकरावी-बारावीचे असते.

मात्र हीच कसोटी आपण स्वतःला लावतो काय? एका जयंतीच्या व्याख्यानात आम्ही एक प्रसंग आवेशाने सांगितला. कार्यक्रम संपल्यावर बारावीच्या एका विद्यार्थिनीने नम्रपणे विचारले, "सर, हे कुठे नोंदवलेले आहे?" आम्ही शोध घेतला, आधार सापडला नाही. पुढच्या तासाला आम्ही तसे वर्गासमोर कबूल केले. त्या क्षणी लाज वाटली खरी, पण आमच्या अध्यापनाचे सार्थकही त्याच क्षणी झाले. परंपरेने सांगितले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. बाबासाहेबांनीही १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आपला सिद्धान्त अंतिम शब्द म्हणून मांडला नाही. अशा गुरूंच्या अनुयायांनी प्रश्नाला अनादर समजणे शोभत नाही.

म्हणून संस्थेला आमची विनंती आहे. शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ग्रंथालयातील कुलूपबंद कपाटातून वाचनकक्षाच्या मेजावर यावेत. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत आजी-आजोबांच्या आठवणी लिहून आणाव्यात : १९७२ चा दुष्काळ, नामांतराचा लढा, गावातील पाणवठा. मग त्या आठवणी शाळेचे दाखले, सातबारा, जुनी वृत्तपत्रे यांच्याशी ताडून पाहाव्यात.

पालकांनाही एवढेच सांगणे आहे : आपले मूल डॉक्टर होवो, अभियंता होवो, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण एखाद्या घरातून कोणी इतिहास शिकायचे म्हणत असेल, तर त्याला अडवू नका. उद्या कोणी "पूर्वापार असेच आहे" म्हणाले, तर शांतपणे कागद मागणारे कोणीतरी आपल्यात असले पाहिजे.