मैल्याचा वायू आणि महापालिकेचा हिशेब

शहराच्या मैलापाण्याविषयी आपल्याकडे चर्चा होते ती दोनच प्रसंगी: वस्तीत दुर्गंधी पसरली म्हणजे, किंवा गटारात अथवा टाकीत उतरलेला कामगार गुदमरून दगावला म्हणजे. पहिल्या प्रसंगी तक्रार-अर्ज जातात, दुसऱ्या प्रसंगी नुकसानभरपाई जाहीर होते. या दोन्हींमागे बहुतेक वेळा एकच वायू असतो, आणि जनतेच्या पैशाने उभारलेले काँक्रीट व यंत्रे कुरतडणाराही तोच असतो, ही गोष्ट मात्र अंदाजपत्रकात कोठे दिसत नाही. दुर्गंधीनाशाचा खर्च एका शीर्षाखाली, दुरुस्तीचा दुसऱ्या, आणि कामगाराच्या फुप्फुसांसाठी तर शीर्षच नाही.

हा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. मैलापाण्यातून वेगळा काढलेला गाळ मोठ्या केंद्रांत बंद कुंडात, म्हणजे डायजेस्टरमध्ये, हवेवाचून सुमारे ३५ अंश सेल्सियसवर दोन-तीन आठवडे कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साठ ते पासष्ट टक्के मिथेन असतो व त्यावर वीज तयार करता येते. मुंबईला ही विद्या नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून वापरल्याची नोंद आहे. पण पाण्यातील सल्फेट आणि मैल्यातील प्रथिने यांतील गंधक त्याच कुंडात सल्फाइडच्या रूपाने बाहेर पडते. दहा लाख भागांत एक भागाहून कमी असतानाही नाकाला ते कळते. प्रमाण शंभर भागांच्या पुढे गेले की मात्र नाक बधिर होते, आणि 'आता वास येत नाही' म्हणून निर्धास्त झालेला माणूस नेमका मृत्यूच्या तोंडी असतो. जेथे थोडी हवा पोहोचते तेथे, म्हणजे गटाराच्या वरच्या कमानीत किंवा गाळाच्या टाकीच्या झाकणाखाली, ओलसर पृष्ठभागावरचे जिवाणू या वायूचे गंधकाम्ल करतात. त्याने काँक्रीट भुसभुशीत होऊन आतली सळई उघडी पडते. वायूवर चालणाऱ्या इंजिनात तो जळून पुन्हा आम्लच होतो आणि तेल व धारवे दोन्ही खातो.

यावरचा एक उपाय जुना व साधा आहे. गाळात लोहाचा क्षार, बहुधा फेरिक किंवा फेरस क्लोराइड, मोजून सोडला की लोह सल्फाइडला धरून ठेवते. आयर्न सल्फाइडचा काळा, न विरघळणारा साका गाळातच राहतो आणि वायू वर येतच नाही. हिशेबाने एक किलो गंधकाला पावणेदोन किलो लोह लागते. प्रत्यक्षात अधिक, कारण मैल्यातील फॉस्फेटही लोहावर हक्क सांगते. यात फायदाही आहे. नळांत दगडासारखा बसणारा फॉस्फेटचा थर त्यामुळे कमी होतो. पण औषध सौम्य नव्हे. फेरिक क्लोराइड स्वतःच जहाल गंजकारक आहे. त्याला रबराचे अस्तर असलेल्या किंवा फायबरच्या टाक्या लागतात, आणि ते हाताळणाऱ्याला हातमोजे व चष्मा. अतिरेक झाला तर कुंडातील अल्कता घटून पचनक्रियाच बिघडते. क्लोराइडऐवजी स्वस्त म्हणून फेरस सल्फेट घेणे ही तर चोराच्या हाती किल्ल्या देण्याची काटकसर आहे, कारण त्यातील सल्फेटचेच कुंडात पुन्हा सल्फाइड होते.

पोलादाचे पत्रे आम्लात धुतल्यावर उरणारे द्रावण लोहाने समृद्ध असते आणि स्वस्तात मिळते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे औषध व्हावा हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुखावणारेच आहे. मात्र त्यात जस्त वा क्रोमियम असेल तर ते गाळाबरोबर खत म्हणून शेतकऱ्याच्या रानात जाईल. तपासणीवाचून ते घेऊ नये.

आता प्रश्न येतो तो मात्रा कोण ठरवतो याचा. केंद्र चालवण्याचे काम ठेक्याने, सर्वांत कमी दराच्या निविदेला दिले की रसायनाचा प्रत्येक वाचवलेला पिंप ठेकेदाराचा नफा होतो. गंजलेल्या छताची दुरुस्ती पुढे दहा वर्षांनी पालिकेच्या माथी येते, आणि विषारी हवा आजच कंत्राटी कामगाराच्या वाट्याला. शेजारच्या इमारतींतून ओरड झालीच तर कुंपणाशी सुगंधी फवारा लावतात. त्याने वायूचा एक कणही कमी होत नाही. धोक्याची सूचना देणारा वास तेवढा झाकला जातो. दिवाणखान्यातील नाकाची काळजी घ्यायची आणि टाकीवरच्या माणसाची नाही, ही वर्गदृष्टी याहून उघड कोठे दिसावी? हाताने मैला उपसण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ही वाढ न्याय्यच आहे. पण लोहक्षार घातला म्हणून माणसाला टाकीत उतरवण्याचा परवाना मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

आणखी एक हिशेब आहे, जो आपल्या पालिकांनी मांडलेला दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या आग्नेय भागात इल्ये पिकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला की गटारात हे सल्फेट येते कोठून. २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की त्यातील ५२ टक्के सल्फेट पिण्याचे पाणी निवळण्यासाठी घातलेल्या अ‍ॅल्युमिनियम सल्फेटमधून, म्हणजे तुरटीच्याच भावंडातून येते. पाणीखाते स्वस्त निवळणी साधते आणि मलनिःसारण खाते त्याची किंमत गंजाने मोजते. सल्फेटविरहित निवळक वापरला तर पाणीखात्याचा खर्च थोडा वाढेल, पण शहराचा एकूण खर्च घटेल. ज्याला आपण नियोजन म्हणतो ते हेच, आणि दोन खातेप्रमुख एकमेकांच्या फायली उघडत नाहीत तोवर ते होणे नाही. आपल्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटी वापरली जाते. आपल्याकडील टक्केवारी वेगळी निघेल, पण ती काढायला काही अवघड नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रक्रिया होत होती अवघ्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे केंद्रे वाढणार, व वाढलीच पाहिजेत. मुंबईत सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. एकत्रित क्षमता सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. एवढा पैसा काँक्रीटमध्ये ओतताना त्या काँक्रीटच्या शत्रूसाठी किती तरतूद आहे, हे आपल्या नगरसेवकांनी आणि कामगार संघटनांनी कागदावर मागून घ्यावे. रसायनाचा खर्च ठेक्याच्या ठोक रकमेत न बुडवता प्रत्यक्ष वापराप्रमाणे वेगळा दिला जावा. कुंडातील वायूत सल्फाइड किती, याचे रोजचे आकडे केंद्राच्या फाटकावर मराठीत लिहिलेले असावेत, आणि प्रमाण ठरावीक मर्यादेवर गेले की काम थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, लेखी मिळावा. पुढच्या निविदांचे मसुदे निघण्यापूर्वी या मागण्या दाखल व्हायला हव्यात. सही झाल्यावर मसुद्यात शब्द घालता येत नाही.