भूमिका कोणाच्या मालकीची?

वर्षानुवर्षे चाललेल्या मालिकेत नायकाचा नट बदलला की प्रेक्षक हळहळतो, हे आम्हांस समजते. त्या हळहळीला तत्त्वाचा मुलामा दिला जातो, तेव्हा मात्र हरकत घेणे भाग पडते.

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकाल्पनिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा कालप्रवासी. ती भूमिका करणारे विल्यम हार्टनेल १९६६ साली प्रकृती ढासळल्यामुळे बाहेर पडले. निर्मात्यांनी या अडचणीतूनच कथेचा नियम घडविला: मरणाच्या दारी डॉक्टरचा देह नवा होतो, स्वभावही पालटतो, आठवणी मात्र टिकतात. पॅट्रिक ट्राउटन आले आणि मालिका वाचली. पुढे पाच दशके पुरुष नट येत-जात राहिले. मग जुलै २०१७मध्ये जोडी व्हिटेकर यांचे नाव जाहीर झाले आणि काही चाहत्यांना एकाएकी कथेचे पावित्र्य आठवले. दोन हृदयांचा, निळ्या पेटीतून काळ ओलांडणारा नायक त्यांना पटत होता. तो स्त्री झालेला पटेना! वास्तविक याच मालिकेतील 'मास्टर' हा डॉक्टरचा वैरी २०१४ सालीच स्त्रीरूपात अवतरला होता.

आम्ही कडेगावी बसून हे लिहीत आहोत. शेजारच्या पलूस तालुक्यातील नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. त्यांची भामिनी आणि सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. कोणी म्हणेल, तेथे नट पुरुष असला तरी पात्र स्त्रीच राहिले. येथे पात्रच बदलते. शिवाय स्त्रियांना रंगभूमी बंद होती म्हणून ती प्रथा पडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण नटाचा देह आणि पात्र यांत अंतर असते, हे ज्या प्रेक्षकाने एकदा मान्य केले, त्याला 'असा देह चालेल, तसा नाही' हे सांगताना कारण द्यावे लागेल. देहबदल हाच ज्या कथेचा नियम, तिच्यात असे कारण आम्हांस सापडत नाही.

'नटसम्राट'चेच पाहा. १९७० साली श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही साकारले. तुलना झाल्या, होणारच. पण लागूंखेरीज कोणी त्या भूमिकेला हात लावू नये असे ठरले असते, तर कुसुमाग्रजांची संहिता एका नटाबरोबर मिटून गेली असती.

व्हिटेकर यांच्या पर्वातील कित्येक कथा ढिसाळ होत्या, हे आम्हीही म्हणू. तो दोष लेखनाचा. त्याचे माप लेखकांच्या पदरात घालावे. संहितेचे अपयश नटीच्या देहावर लादणे ही समीक्षा नव्हे. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना 'संहिता वाचा' असे शिकवतो. दूरदर्शन संचासमोर बसताना तो धडा विसरण्याची मुभा आपल्याला कोणी दिली?