वर्षाची फी पहिल्या दिवशी

श्रावणातील एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मी धामणगाव बढे येथील आमच्या पेढीवर पुन्हा येऊन बसलो होतो. पावसाची रिपरिप चालू होती, गिऱ्हाईक नव्हते. दुकान वाढवावे असे मनात येत असतानाच ओळखीचे चौघे जण पायरी चढून आत आले. एक कापड दुकानदार, एक किराणा व्यापारी, एक शिक्षक आणि कृषी केंद्र चालविणाऱ्या मित्राचा बारावीत शिकणारा मुलगा. चौघांच्याही हातात एकाच रंगाच्या पावत्या होत्या. पावत्या जिमच्या होत्या आणि त्या माझ्याकडे आणण्याचे कारण एवढेच, की या जिमचे सभासद व्हा असे चौघांनाही मीच सुचविले होते.

ही जिम आमच्या पंचक्रोशीतलीच. तिचे आणि तिच्या चालकाचे नाव मी येथे लिहिणार नाही. चालक माझ्या एका जुन्या ग्राहकाचा मुलगा. शहरात काही वर्षे नोकरी करून परतलेला, कर्ज काढून यंत्रे आणलेला, होतकरू. गेल्या दसऱ्याला उद्घाटन झाले तेव्हा नारळ मीच वाढविला. वर्षाची फी 6,000 रुपये, परंतु दिवाळीपर्यंत एकरकमी भरल्यास 4,500 रुपये. आपण व्यापारी माणसे. सवलत दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो.

आरंभीचे चार महिने कौतुक करावे असेच होते. प्रवेशाच्या वेळी रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया यांची विचारपूस करून ती लिहून घेतली जाई. शिकविणारा प्रशिक्षक अनुभवी होता. प्रत्येकाला नावाने ओळखी, कोणाची पाठ वाकडी होते, कोणाचा गुडघा दुखतो, हे त्याच्या ध्यानात असे. महिलांसाठी दुपारी चार ते साडेपाच अशी स्वतंत्र वेळ होती. आपल्या अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते, हे जाणून चालकाने ती वेळ माझ्या सुनेला विचारूनच ठरविली होती. त्या विचारपुशीनेच मी अधिक भारावलो आणि ज्याला त्याला जिमची शिफारस करीत सुटलो.

होळीनंतर चित्र पालटले. जुना प्रशिक्षक गेला, त्याच्या जागी विशीतला एक मुलगा आला, आणि त्याची नजर सभासदांपेक्षा हातातील मोबाइलवर अधिक असे. दोन ट्रेडमिलपैकी एक बंद पडली. ‘पार्ट मागवला आहे’ हे उत्तर चार महिने चालले. वजने ओढण्याच्या यंत्राची तार उसवू लागली, तेव्हा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळण्यात आली.

तथापि, चौघांच्या कथनात नादुरुस्त यंत्रांचा भाग थोडा होता. त्यांना लागले होते ते मिळालेल्या उत्तरांचे. कापड दुकानदार चौपन्न वर्षांचे, रक्तदाबाची गोळी घेणारे. नव्या मुलाने त्यांची पूर्वीची नोंद न पाहताच ट्रेडमिलचा चढ वाढविला. त्यांना घेरी आली, ते खाली बसले, तेव्हा मोबाइलवरून मान न उचलता उत्तर मिळाले, “होतं काका, सवय नाही तुम्हाला.” शिक्षकांना परीक्षेच्या कामासाठी दीड महिना बाहेरगावी राहावे लागले. अशा वेळी मुदत वाढवून देऊ, असे प्रवेश देताना तोंडी सांगितले होते, परतल्यावर त्यांना सांगण्यात आले, “पावतीवर कुठं लिहिलंय, सर?” किराणा व्यापाऱ्यांचे दुखणे निराळे. त्यांच्या पावतीवर ‘करासह’ असे छापलेले, पण जीएसटी क्रमांकाचा पत्ता नाही. स्वतःचे विवरणपत्र स्वतः भरणारा हा माणूस, त्याला ते कसे खपावे? 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, हेही त्यांना पाठ. विचारले तर उत्तर, “तुम्हाला काय करायचंय?”

मुलाची हकिकत सर्वांत शेवटी आली, कारण तो बोलायला संकोचत होता. नव्या प्रशिक्षकाने त्याला ताकदीच्या मऊ गोळ्यांचा एक डबा विकला होता. आम्ही शाकाहारी आहोत, यात काही तसले नाही ना, असे मुलाने विचारलेही होते. “यात कुठं मांस दिसतं तुला? औषधासारखंच आहे,” असे सांगून पैसे घेण्यात आले. वीस-बावीस गोळ्या पोटात गेल्यावर आईने डबा उलटून पाहिला, तर मागील बाजूस लहानशा चौकोनात तपकिरी त्रिकोण. अशा मऊ गोळ्यांचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते, आणि या गोळ्यांच्या आत तर माशाचे तेलच होते. हिरवा गोल आणि तपकिरी त्रिकोण हा भेद घरातील प्रत्येक मुलाला दाखवून ठेवावा, एवढे मी येथे आवर्जून सांगतो. बिस्किटाच्या पुड्यावर आपण तो पाहतो, औषधासारख्या दिसणाऱ्या डब्यावर पाहत नाही. मुलगा डबा परत करायला गेला, तेव्हा फोडलेला माल परत घेत नाही असे ऐकून आला. दुसऱ्या दिवशी त्याने कोणी न सांगता उपवास केला. पैशांचा विषय त्याच्या वडिलांनी पुन्हा काढला नाही.

त्या रात्री घरी आल्यावर सुनेला सहज विचारले, तुमची वेळ तरी नीट चालली आहे ना? तेव्हा कळले, की ती दोन महिन्यांपासून जातच नव्हती. चारची वेळ पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना दिली गेली होती, कारण ती मुले दरमहा रोख पैसे देतात. महिलांना संध्याकाळी सातची वेळ मिळाली. तिने अडचण सांगितली, तर “सगळ्यांच्या सोयीनं वेळ ठेवता येत नाही, मॅडम, जमत नसेल तर सकाळी सहाला या,” असे उत्तर आले. सकाळी सहा म्हणजे मुलांच्या डब्यांची वेळ. मला का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पप्पाजी, शिफारस तुमची होती. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

चांगला चाललेला धंदा चार महिन्यांत असा का उतरतो, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या दुकानात ग्राहक माल नेतो, आवडला तर पुन्हा येतो, उधारी असेल तर पैसे मागाहून येतात. त्याच्या पुन्हा येण्यावर आपले पोट आहे. जिममध्ये हे उलटे आहे. पैसे पहिल्या दिवशीच आले. त्यानंतर ग्राहक जितक्या वेळा येईल तितकी वीज, तितकी जागा, तितकी यंत्रांची झीज. न येणारा ग्राहक हाच फायद्याचा. अमेरिकेत स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी तीन हेल्थ क्लबांतील 7,752 सभासदांच्या तीन वर्षांच्या हजेरीचा अभ्यास करून तो 2006 साली प्रसिद्ध केला. महिना 70 डॉलरहून अधिक फी देणारे सभासद सरासरी महिन्यातून चार-सव्वाचार वेळाच येत. म्हणजे एका खेपेला त्यांना 17 डॉलरहून अधिक पडत होते. तेथेच दहा खेपांचा पास घेतला असता, तर खेप 10 डॉलरांत पडली असती. आपण उद्यापासून नेमाने जाऊ, या स्वतःवरील भरवशालाच ही माणसे पैसे मोजत होती. आपल्या दिवाळीच्या 4,500 रुपयांत तरी वेगळे काय होते?

आगाऊ घेतलेल्या पैशावर मोठमोठ्यांचाही तोल जातो. विष्णू तळवलकर यांनी 1932 साली मुंबईत सुरू केलेली व्यायामशाळा पुढे देशभर शाखा असलेली कंपनी झाली. 2010 साली तिचे समभाग बाजारात आले, तेव्हा एका मराठी नावाचा आपल्यालाही अभिमान वाटला. 2019 साली हीच कंपनी कर्जरोख्यांवरील व्याज वेळेवर देऊ शकली नाही. मग शाखा बंद होत गेल्या आणि वर्षाची फी भरून बसलेल्या सभासदांना कुलपे पाहावी लागली. समभागधारकांचे काय झाले ते वृत्तपत्रांत पुष्कळ आले; पावती हातात घेऊन दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाविषयी फार थोडे.

यावर आमच्याकडील वृद्ध मंडळी लगेच तालमीचा दाखला देतात. तो अगदीच चुकीचा नाही. आपल्याच विभागात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी 1914 साली उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभे आहे; 1936 साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. तालमीत वस्तादाची नजर हीच खरी फी होती. पण माझी सून गावच्या तालमीत गेली असती का? चौपन्न वर्षांच्या रक्तदाबाच्या माणसाला तेथे कोणी विचारले असते का? जिमने दार उघडले ते यांच्यासाठी, म्हणूनच ते बंद होताना अधिक लागते.

किराणा व्यापाऱ्यांचे मत सरळ बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे असे होते. तो मार्ग आहेच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सदोष सेवेची रक्कम पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे कायद्यातच लिहिले आहे. त्याआधी 1915 या क्रमांकावर फोन करता येतो. मी त्यांना एवढेच म्हटले, की नारळ मी वाढविला आहे, मला एक रविवार द्या.

रविवारी दुपारी गेलो तेव्हा चालक एकटाच यंत्रे पुसत होता. मी चारही हकिकती आणि सुनेची पाचवी, अशा क्रमाने सांगितल्या. गोळ्यांचा व्यवहार त्याला ठाऊक नव्हता. प्रशिक्षकाला पगार पुरेसा देता येत नाही म्हणून त्याला डबे विकण्याची मोकळीक दिली होती, एवढे त्याने कबूल केले. मग तो वही घेऊन आला. “काका, दिवाळीत सगळे पैसे एकदम आले. मला वाटलं धंदा लागला. त्यातून आणखी दोन मशीन घेतल्या. आता हप्ता आहे, व्यापारी दरानं वीजबिल आहे, नवीन माणूस येत नाही. जुन्यांकडून तर वर्षभर काही मागता येत नाही.”

मी वही पाहिली. दिवाळीची सारी रक्कम विक्री म्हणून लिहिलेली होती. मी म्हटले, “बाबा, ही विक्री नाही, हे देणं आहे. दर महिन्याला याचा बारावा भाग तुझा होतो, बाकी लोकांचा.” माझे वडील मृगाच्या आधी बियाण्यासाठी शेतकऱ्यांनी ठेवलेली आगाऊ रक्कम वेगळ्या पिशवीत ठेवीत आणि माल दुकानातून गेल्याशिवाय तिला हात लावीत नसत. कमी माप देणे हा तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तराजू नसलेल्या धंद्यात माप कोठे असते, हे मात्र कोणी सांगत नाही. मी तसे म्हटल्यावर तो क्षणभर गप्प राहिला, नंतर हळूच म्हणाला, “काका, राग मानू नका. पण तुमच्या बिलावरही ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. मी ते बघूनच पावती केली.”

मला उत्तर सुचले नाही. ती ओळ आमच्या बिलबुकात वडिलांच्या वेळेपासून आहे आणि ती मी आजवर कधी वाचलीच नव्हती.

त्यानंतर त्याने काही गोष्टी केल्या. तार बदलली. गोळ्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत दिले आणि डब्यांची विक्री थांबविली. शिक्षकांना दीड महिना वाढवून दिला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार चारची वेळ महिलांना परत मिळाली. भरतीची मुले त्यावर नाराज आहेत. ट्रेडमिल अद्याप बंदच आहे. कापड दुकानदार आता महिन्याच्या फीवर जातात आणि चढ स्वतः ठरवितात. सून गेली नाही. ती पहाटे गच्चीवर चालते, आणि मीही तिला पुन्हा जा म्हटले नाही.

येत्या पाडव्यासाठी आमची नवी बिलबुके छापायला दिली आहेत. त्यांतून ती ओळ काढण्यास मी सांगितले आहे. चालकानेही नव्या पावतीचा नमुना मला दाखवायला आणला होता. त्यावर मुदतवाढीचा नियम स्वच्छ लिहिला होता, महिला वर्गाची वेळ लिहिली होती. ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ हे मात्र तळाशी तसेच होते. मी त्या ओळीवर पेनचे टोक ठेवले. त्याने पाहिले, काही बोलला नाही, आणि नमुना घडी करून खिशात ठेवून गेला.