गति मोजली ती कोणाची?

घरांत नवें यंत्र आलें कीं त्याची परीक्षा मुलें घेतात, आणि परीक्षेचें फळ मात्र सगळ्या घराला भोगावें लागतें. आमच्या घरीं नुकतेंच असें घडलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरींहि आज अशीं यंत्रें असतील, म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक इंग्लंडांत केंब्रिज येथें तयार झाला व २०१२ च्या फेब्रुवारींत प्रथम विक्रीस आला. आमच्याकडील यंत्र २०१९ सालीं निघालेल्या चौथ्या आवृत्तीचें आहे. आमच्या पुतण्यानें त्याला पेन-ड्राइव्ह जोडला आणि ‘डीडी’ ह्या आज्ञेनें त्यावर शंभर मेगाबाइटांची फाइल लिहून पाहिली. सेकंदाला ३०० मेगाबाइटांहून अधिक गति निघाली. घरांत कौतुक झालें. त्याच सायंकाळीं त्यानें थोरल्या आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, ज्या महिनाभर त्यांच्यापाशीं बसून त्यानें ध्वनिमुद्रित केल्या होत्या, पेन-ड्राइव्हवर उतरविल्या. काम पुरें झाल्याचें पडद्यावर दिसतांच त्यानें पेन-ड्राइव्ह ओढून काढला, मूळ प्रती पुसल्या, आणि तो नागपूरच्या बिऱ्हाडीं पाठविला. तेथें उघडून पाहतात तों निम्म्या फाइली रिकाम्या!

दोष पेन-ड्राइव्हचा नव्हता, मोजणीचा होता. संगणक लिहावयाचा मजकूर आधीं आपल्या शीघ्र स्मृतींत ठेवतो, ‘झालें’ म्हणून सांगतो, आणि मग सवडीनें खरें लेखन करितो. पत्र पेटींत पडलें म्हणजे पोंचलें असें होत नाहीं. पुतण्यानें मोजली ती स्मृतीची चाल होती. त्याच आज्ञेला ‘एफसिंक’ची जोड दिली म्हणजे शेवटचें अक्षर उतरेपर्यंत घड्याळ थांबत नाहीं. तसें करून पाहतां ३०० च्या जागीं १८ निघाले.

वाचनाचेंहि तसेंच आहे. एकदां वाचलेली फाइल दुसऱ्यांदा स्मृतींतूनच मिळते. ‘एचडीपार्म’ ह्या साधनांत मोठ्या ‘टी’नें स्मृतीची गति कळते आणि लहान ‘टी’नें साठवणीची, एका अक्षराच्या आकारांत एवढें अंतर आहे.

यंत्राची मर्यादाहि ध्यानांत घ्यावी. तिसऱ्या आवृत्तींत कार्डाकडे जाणाऱ्या चार तारांवरून सेकंदाला पांच कोटि ठोक्यांनीं मजकूर वाहतो. आठ बिटांचा एक बाइट धरल्यास २५ मेगाबाइट होतात. चौथ्या आवृत्तींत एका ठोक्यास दोनदां मजकूर जात असल्यामुळें ५० होतात. मग कार्डाच्या वेष्टनावर शंभराचा आंकडा छापलेला असला तरी त्या खांचेंत त्याचा उपयोग नाहीं.

शिवाय सलग वाचन निराळें आणि तुकड्यातुकड्यांचें निराळें. यंत्र चालू होतांना लहान लहान फाइलींचीच ये-जा अधिक असते. कार्डावरील ‘ए१’ ह्या खुणेचा अर्थ सेकंदाला निदान १५०० वाचनें व ५०० लेखनें असा आहे. चार किलोबाइटांच्या तुकड्यांनीं हिशेब केला तर तीं सुमारें सहा आणि दोन मेगाबाइटच भरतात. म्हणून एका आंकड्यावर कार्डाची परीक्षा करूं नये.

आणखी एक सूचना अगत्याची आहे. ‘डीडी’ला फाइलीच्या नांवाऐवजीं चुकून साठवणीचेंच नांव दिलें, तर ती मुकाट्यानें आंतील सर्व मजकुरावर लिहीत सुटते. मोजणी करावयाची ती रिकाम्या साठवणीवर करावी. पेन-ड्राइव्ह काढण्यापूर्वीं ‘सिंक’ ही आज्ञा देऊन तो रीतसर विलग करावा. आणि प्रत पुन्हां जोडून, उघडून, ऐकून पाहिल्यावांचून मूळ कधींहि पुसूं नये.

आमच्या आत्याबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. घडलेलें त्यांना सांगितलें तेव्हां पुतण्याची मान खालीं होती. त्या रागावल्या नाहींत. म्हणाल्या, “अरे, दळण झालें कीं नाहीं तें जात्याच्या घरघरीवरून कोणी ठरवितें का? पीठ पाहावें.” दुसऱ्या दिवशीं त्या पुन्हां गावयास बसल्या. गेलेल्या ओव्या एकेक करून आठवल्या. दोन मात्र कांहीं केल्या आठवेनात. पुतण्या अजूनहि रोज सायंकाळीं त्यांच्यापाशीं जाऊन बसतो.