ट्रेलरचा ब्रेक कोण तपासणार?

टेक्सास राज्याने 1 जानेवारी 2025 पासून खाजगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. तपासणी गेली, पण नोंदणीच्या वेळी साडेसात डॉलर द्यावेच लागतात. मोटारीपुरता हा निर्णय एक वेळ समजून घेता येईल. पण साडेसात हजार पौंडांवरचे, म्हणजे सुमारे 3,400 किलोंहून जड खाजगी ट्रेलरही या फेऱ्यातून सुटले, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. निदान त्यांच्या ब्रेकची चाचणी सरकारने पुन्हा सुरू केलीच पाहिजे.

हे ब्रेक ओढणाऱ्या गाडीतून चालवणारा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर फोर्डने 2005 च्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये कारखान्यातूनच बसवून दिला. आता जड पिकअपमध्ये तो सर्रास असतो. पायाचा ब्रेक दाबला की सात पिनांच्या प्लगमधून ट्रेलरच्या चाकांतल्या विद्युतचुंबकांना करंट मिळतो, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटून ओढला जातो आणि ब्रेक शू पसरतात. सोय उत्तमच आहे. मात्र पडद्यावर ‘ट्रेलर जोडला आहे’ असे उमटले की मालक निर्धास्त होतो. त्या संदेशावरून तारा जुळल्या एवढेच कळते. चारपैकी दोन चुंबक निकामी असले तरी तो दिसू शकतो. पोकळ ॲक्सलमधून जाणारी तार घासून उघडी पडते, हबमधले ग्रीस ड्रममध्ये झिरपते, पिनांना गंज चढतो; यातले काहीही बसल्या जागेवरून दिसत नाही.

उभ्या गाडीच्या प्लगला मल्टीमीटर लावूनही खात्री होत नाही. कंट्रोलर सलग व्होल्टेज न देता ते तोडून तोडून देतो, आणि गाडी उभी असताना अनेक कंट्रोलर जोर मुद्दाम कमी ठेवतात. मीटर भलताच आकडा दाखवतो, मग धडधाकट कंट्रोलर बदलला जातो आणि ट्रेलरमधला दोष जिथल्या तिथे राहतो.

म्हणून परीक्षा रस्त्यावरच व्हायला हवी. सपाट, कोरडा, मोकळा रस्ता घ्यावा, ट्रेलरमध्ये नेहमीचा माल असावा, वेग ताशी 20 ते 25 मैल. पायाचा ब्रेक न दाबता कंट्रोलरचा हाताचा खटका पूर्ण दाबावा आणि बाहेर उभ्या माणसाने ट्रेलरच्या चाकांकडे पाहावे. चाके जाम होऊन टायर फरफटू लागले तर गेन, म्हणजे कंट्रोलरवरची ब्रेकच्या जोराची पातळी, उतरवायचा, ट्रेलर नुसताच मागून ढकलत राहिला तर चढवायचा. चाके जाम होण्याच्या किंचित अलीकडे थांबायचे. गेन दहावर नेऊनही जोर येत नसेल, तर ट्रेलर वर्कशॉपमध्ये गेला पाहिजे. भार बदलला की ही चाचणी नव्याने करावी. सुट्टीसाठी कॅम्पर भाड्याने घेणाऱ्या डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी कुटुंबांनीही भाड्याचे कागद करण्याआधी ती करून पाहावी.

ट्रेलर हुकातून निसटला तर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच तर बहुतेकांच्या गावीही नसतो. व्यावसायिक ट्रेलरचे असे ब्रेक किमान 15 मिनिटे लागून राहिले पाहिजेत, असा अमेरिकेचा केंद्रीय नियमच आहे. तो तपासताना आधी ट्रकचा प्लग काढावा, मग स्विचची पिन ओढावी आणि ट्रक हळूच पुढे घ्यावा. ट्रेलरची चाके विनासायास फिरली, तर त्या दिवशीचा प्रवास रद्द करावा.