परवान्याची परीक्षा कानांची की डोळ्यांची?

बुलढाणा : वाहन चालविण्याचा परवाना मागणाऱ्या अर्जदाराला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ‘नमुना १’ या स्वयंघोषणापत्रात वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारला जात आला आहे. वाहनांचे नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतके आपण बहिरे आहात काय? हलक्या वाहनासाठी श्रवणयंत्र लावून ऐकू येत असले तरी चालते. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे असते आणि त्याची शहानिशा सहसा कोणी करीत नाही. या त्रुटीकडे बोट दाखवून साध्या परवान्यासाठीही श्रवणचाचणी सक्तीची करावी, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. रस्त्यांवरील अपघात पाहता ही मागणी वरकरणी पटण्याजोगी आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर ती तपासून पाहिली की मात्र तिचा पाया भुसभुशीत असल्याचे दिसते.

प्रथम कायद्याची स्थिती. ज्याच्या आजारामुळे वा अपंगत्वामुळे जनतेला धोका संभवतो त्याला परवाना नाकारण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८ ने प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. ट्रक, बस, टॅक्सी अशा परिवहन संवर्गातील चालकांना, तसेच चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारांना डॉक्टरांचे ‘नमुना १-अ’ प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्जदाराला ध्वनिसंकेत ऐकू येतात किंवा नाही, याबाबत डॉक्टरांचे मत त्यात द्यावयाचे असते. याचा अर्थ केवळ स्वयंघोषणेवर भागते ते चाळिशीच्या आतील खासगी वाहनचालकांचे. वयोमानाने येणारे बहिरेपण साधारणतः पन्नाशी-साठीनंतर जाणवू लागते. ज्यांच्या कानांविषयी शंका घ्यावी त्यांची तपासणी कागदोपत्री आधीच सक्तीची आहे. ज्यांची नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांचे कान ठणठणीत आहेत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत घेतलेला परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. विसाव्या वर्षी केलेल्या चाचणीचा त्यानंतरच्या वीस वर्षांत काय उपयोग?

उणीव आहे ती ‘नमुना १-अ’मध्ये. त्यात डेसिबलचा आकडा नाही आणि श्रवणालेख जोडण्याची अटही नाही. समोर बसलेल्याने नाव-गाव विचारताच नीट उत्तर दिले, की त्याचे ऐकणे ठीक, एवढ्यावर प्रमाणपत्राची ती ओळ भरता येते. अर्जदाराला न पाहता प्रमाणपत्र दिले गेले, तर तेवढेही होत नाही. असलेली तपासणी पोकळ ठेवून नवी तपासणी मागणे म्हणजे एका शिक्क्यावर दुसरा शिक्का मारणे होय.

सक्तीच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे तो घाटाचा. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरणाऱ्या राजूर घाटात किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे जाणाऱ्या बोथा मार्गावर वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. तेथे पलीकडून वाजणारा हॉर्न हीच वर्दी असते. हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वळणावर काचा बंद करून, वातानुकूलन आणि गाणी चालू ठेवून जाणाऱ्या मोटारचालकाला तो हॉर्न कितपत ऐकू येतो? कानांत इअरफोन घातलेल्या दुचाकीस्वाराला? हंगामात कापसाने खचाखच भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर इंजिनाची धडधड असते आणि तिच्यावर मात करण्यासाठी लावलेला टेपही असतो. मागचे वाहन त्या चालकाला ऐकू येत नाही आणि आरसा असलाच, तर भरलेल्या ट्रॉलीमुळे दिसतही नाही. श्रवणचाचणीत हे तिघेही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतील.

हॉर्नवर विसंबण्याच्या सवयीबाबत शासनाची भूमिकाही लक्षात घेण्याजोगी आहे. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द अनावश्यक हॉर्न वाजविण्यास प्रोत्साहन देतात, या कारणाने महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. एकीकडे हॉर्न कमी वाजवा असे सांगायचे आणि दुसरीकडे तो ऐकू येण्यावर परवाना अवलंबून ठेवायचा, ही विसंगती आहे.

न्यायालय आणि केंद्र सरकार या प्रश्नावर बरेच पुढे गेले आहेत. राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये कर्णबधिरांसाठी परवान्याचा मार्ग मोकळा केला. चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्याला केवळ बहिरेपणावरून डावलता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मधील तज्ज्ञांचे मत मागविले. वाहन चालविणे हे मुख्यतः दृष्टीचे काम असून त्यात श्रवणाचा वाटा अल्प आहे, असे ते मत होते. त्याआधारे ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रालयाने कर्णबधिर अर्जदारांना परवाने देण्याबाबत राज्यांना पत्र पाठविले. ब्रिटनमध्ये तर मोटार वा मोटारसायकलच्या परवान्यासाठी बहिरेपण कळविण्याचेही बंधन नाही.

सक्तीचा खरा भार कोणावर पडेल, हे पाहण्यासाठी खामगाव-मलकापूरच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांकडे वळावे लागते. कारखान्यातील आवाजासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. यंत्रांच्या सततच्या गोंगाटात वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुराचे कान वयाआधीच मंद होतात, ही वैद्यकशास्त्राला जुनीच माहिती आहे. त्या मजुराच्या कानांची नियमित तपासणी कारखान्यात व्हायला हवी. ती न होता थेट आरटीओच्या शिबिरात झाली, तर ज्या कामाने कान गेले त्या कामावर जाण्याची मोटारसायकलही त्याच्या हातून जाईल. एसटीची फेरी दिवसातून एक-दोनदाच येणाऱ्या गावात मोटारसायकल ही चैन नव्हे.

आणि परवाना नाकारला म्हणून तो गाडी चालविणे थांबवील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तो विनापरवाना चालवील. त्यासाठीचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५ हजार रुपयांवर गेला आहे, पण दंड ही त्यातली लहान बाब. विनापरवाना चालकाकडून अपघात झाला, तर विमा कंपनीने पीडिताला भरपाई द्यावी आणि ती वाहनमालकाकडून वसूल करावी, अशी मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातील निकालाने न्यायाधिकरणांना आहे. लाखो रुपयांची अशी वसुली निघाली, तर दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू कुटुंबाला जमीन विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घोषणापत्रात भीतीपोटी खोटे ‘नाही’ लिहिणारा कर्णबधिर तरुणही अशाच वादात सापडू शकतो.

व्यवहाराची बाजू थोडक्यात. विश्वासार्ह श्रवणचाचणीसाठी श्रवणमापक यंत्र, शांत कक्ष आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. तालुक्याच्या ठिकाणी विश्रामगृहाच्या आवारात भरणाऱ्या शिबिरात यांपैकी काय मिळणार? आधीच चिखली-मेहकरपासून जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंतचे अर्जदार कामाचा दिवस बुडवून येतात.

रस्ता सुरक्षेचे भान ठेवूनही मार्ग निघतो, हे जपानने दाखविले आहे. तेथे दहा मीटरवरून ९० डेसिबलचा हॉर्न ऐकू येणे परवान्यासाठी आवश्यक होते. २००८ मध्ये कायदा बदलला आणि तो हॉर्न ऐकू न येणाऱ्यांनाही रुंद आरसा लावण्याच्या अटीवर मोटार चालविण्याची मुभा मिळाली. कानाची उणीव डोळ्याने भरून काढण्याचा हा उपाय आपल्याकडे अधिकच लागू पडतो. कारण आपल्याकडे दुचाकीचे आरसे विकत घेतल्याच्या आठवड्यातच काढून ठेवण्याची रीत आहे. आरसा असणे हा नियम आहे, पण त्यासाठी गाडी अडविल्याचे दृश्य विरळाच.

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक पिंपळखुटा शिवारात १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्यानंतर वेग, चालकाची झोप, आपत्कालीन दरवाजे यांवर चर्चा झाली. कानांचा प्रश्न त्यात आला नाही, आणि तो येण्याचे कारणही नव्हते.

‘नमुना १-अ’मधील ती ओळ भरण्यापूर्वी काय तपासायचे हे डॉक्टरांना ठरवून देणे, पन्नाशीनंतरच्या नूतनीकरणात शंका आल्यास अर्जदाराला जिल्हा रुग्णालयात पाठविणे, आणि कर्णबधिर अर्जदाराला २०१६ च्या पत्रानुसार, जादा आरसा व वाहनावरील ठळक चिन्हासह, रीतसर चाचणीला बसू देणे, एवढे परिवहन विभागाला नवा कायदा न करताही करता येईल.